कृत्रिम प्रकाशात शेवाळ आणि स्वस्त वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'वीज एकदा स्वस्त होऊ दे, मग दिव्यांखाली शेवाळ पिकवू आणि त्यातून इंधन, अन्न, पशुखाद्य सगळं काढू.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी तेच ते प्रश्न एका जागी लिहून काढले. हिशोब मुद्दाम पैशात मांडलेला नाही. विजेचे दर जागेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात, फोटॉनचा, म्हणजे प्रकाशाच्या कणांचा, हिशोब बदलत नाही. त्यामुळे इथलं चलन म्हणजे विजेचं युनिट, अर्थात एक किलोवॅट-तास. तुमच्याकडचा दर तुम्ही गुणून घ्या.

शेवाळ म्हणजे इथे सूक्ष्मशेवाळ: क्लोरेला, नॅनोक्लोरॉप्सिस, हिमॅटोकॉकस वगैरे. स्पिरुलिना खरं तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर वाढणारा जिवाणू, पण या धंद्यात तिलाही सगळे शेवाळच म्हणतात, मीही म्हणणार आहे.

एक किलो सुकं शेवाळ पिकवायला किती वीज लागते?

नीट बसवलेल्या व्यवस्थेत फक्त दिव्यांनाच साधारण ९० युनिट.

हा आकडा कुठून आला ते एकदा बघून ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. शेवाळ फोटॉन मोजून वाढतं आणि फोटॉन मोजायचे ते मोलमध्ये (मोल म्हणजे कणांची एक ठरलेली प्रचंड संख्या, जसं डझन म्हणजे बारा; मायक्रोमोल हा त्याचा दहा लाखावा भाग). चांगला शेतीसाठीचा एलईडी आज एका ज्यूलमागे सुमारे ३ मायक्रोमोल फोटॉन देतो. एका युनिटात ३६ लाख ज्यूल असतात, म्हणजे एका युनिटाला जवळजवळ ११ मोल फोटॉन पडले. जोमात असलेलं कल्चर, म्हणजे पाण्यात वाढत असलेलं शेवाळ, एका मोलमागे पाऊण ते एक ग्रॅम सुकं शेवाळ देतं. एक ग्रॅम धरला तर युनिटामागे ११ ग्रॅम, किलोमागे ९० युनिट. पाऊणच धरला तर १२० च्या वर जातं.

आता उलट बाजू. एक किलो सुकं शेवाळ जाळलं तर साधारण ६ युनिटांएवढी उष्णता मिळते. घातली ९०, हातात आली ६. उरलेली ८४ खोली तापवण्यात गेली. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. एलईडीतच तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वीज उष्णता होऊन जाते. पुढे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बांधायला प्रकाशसंश्लेषणाला किमान ८ फोटॉन लागतात, प्रत्यक्षात १० ते १२. त्यातून जे जमतं त्यातलं काही पेशी स्वतःच्या श्वसनात खर्च करते, काही नायट्रेटपासून प्रथिनं बनवण्यात.

फक्त दिव्यांना म्हणालात. बाकीचं?

बाकीचं म्हणजे हवा आणि कार्बन डायऑक्साइड फुंकणं, पाणी ढवळणं, गारवा, गाळणी आणि वाळवणी. पहिल्यांदा करणारे गारव्यापाशी फसतात. वरची ८४ युनिटं खोलीतून बाहेर काढावीच लागतात. एअर कंडिशनरसारख्या यंत्राने काढली तर तीन युनिट उष्णतेमागे एक युनिट वीज धरा, म्हणजे किलोमागे आणखी २८ युनिट. जवळ थंड पाण्याचा झरा, नदी किंवा समुद्र असेल तर हा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून असे कारखाने थंड मुलखात काढतात.

गाळणीचं गणित पाण्याचं आहे. उघड्या तळ्यात लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम शेवाळ असतं, म्हणजे एका किलोसाठी एक ते दोन हजार लिटर पाणी यंत्रातून काढावं लागतं. बंद नळ्यांत दाटपणा जास्त, त्यामुळे तिथे काम हलकं होतं. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे जोरात फिरवून पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रातून, निघालेल्या लगद्यातही पाचपैकी चार हिस्से पाणीच असतं. ते नुसतं उडवायला किलोमागे किमान अडीच युनिट लागतात, खरं ड्रायर त्याहून जास्त घेतं.

९० युनिट हा आकडा प्रत्यक्षात गाठता येतो का?

येतो, पण पहिल्या फटक्यात नाही. मी सुरुवातीला वीस लिटरच्या पारदर्शक बरणीत स्पिरुलिना लावली होती. बाजूला १०० वॅटचं एलईडी पॅनेल, खाली मत्स्यालयाचा छोटा हवापंप, आणि पॅनेलच्या प्लगमध्ये युनिट मोजणारं मीटर. बारा दिवस दिवा अखंड चालू. पहिले तीन दिवस पाणी इतकं फिकट होतं की प्रकाश आरपार जाऊन मागच्या भिंतीवर पडत होता, भिंत हिरवट दिसायची. शेवटचे तीन दिवस उलटं झालं. कल्चर इतकं दाट की पॅनेलकडच्या दोन बोटं थरापलीकडे काळोख. दिव्याजवळच्या पेशींना प्रकाश उतू जातोय आणि मागच्या उपाशी.

बाराव्या दिवशी मीटरवर २९ युनिट होते. तलम कापडातून गाळून, ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून काट्यावर ठेवलं तर ४० ग्रॅम. किलोला सातशेच्या वर युनिट! भुकटी हातावर घेतली तर एक मूठ भरली.

त्यानंतर बरणी गेली आणि चार सेंटिमीटर जाडीची चपटी टाकी आली. दिवे दोन्ही बाजूंनी, मागे पांढरा पत्रा, आणि रोज थोडं काढून तेवढंच ताजं पाणी घालायचं, म्हणजे दाटपणा एका पातळीला राहतो. आकडा झपाट्याने खाली येतो. पण ९० पर्यंत यायला रोजची शिस्त लागते. ज्याच्या अहवालात पहिल्याच वर्षी ९० लिहिलेलं असतं त्याने बरणी कधी हाताळलेली नसते, असं माझं मत आहे.

एलईडी दरवर्षी सुधारतायत. दहा वर्षांत हा खर्च दहावा हिस्सा होणार नाही का?

नाही. ट्यूबलाइटच्या काळात ज्यूलमागे एक मायक्रोमोल मिळायचा, तेव्हा किलोला २८० युनिट पडत. सोडियमचे मोठे दिवे आले तेव्हा दीडशेच्या आसपास. एलईडीने ९० वर आणलं. ही घसरण बघून पुढची रेघही तशीच ओढावीशी वाटते, पण खाली जमीन आहे. ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात एका ज्यूलमध्ये जास्तीत जास्त साडेपाच मायक्रोमोल फोटॉनच मावतात. दिवा शंभर टक्के कार्यक्षम, कणभरही उष्णता नाही, असा धरला तरी. लाल एलईडी आजच ४ च्या आसपास पोहोचलेत. म्हणजे दिव्याकडून आता दुप्पटही मिळायचं राहिलेलं नाही.

शेवाळाच्या बाजूने मोलमागे एकऐवजी दीड ग्रॅम मिळाला आणि दिवाही परिपूर्ण झाला, तर किलोला ३४ युनिट. दोन्हीकडच्या कमाली एकाच टाकीत एकाच वेळी गाठल्यावरचा हा आकडा आहे. संगणकाच्या चिपसारखी इथे शंभरपट सुधारणा व्हायला जागाच नाही.

समजा वीज फुकटच मिळाली. मग?

मग विजेचं बिल जातं, यंत्रांचं राहतं. एक किलोवॅटचे दिवे वर्षभर, ८,७६० तास, एक मिनिटही न विझवता चालवले तर वर्षाला सुमारे ९५ किलो शेवाळ निघतं. रोज एक टन काढायचं तर ३,७५० किलोवॅटचे दिवे रात्रंदिवस लागतात. पशुखाद्याच्या किंवा तेलबियांच्या बाजारात रोजचा एक टन म्हणजे कुणाच्या खिजगणतीतही नाही. एवढ्यासाठी पावणेचार मेगावॅटचे दिवे, त्यांच्याएवढी चपट्या टाक्यांची रांग, पंप, थंडावा, छप्पर आणि माणसं उभी करायची. ५०,००० तासांनंतर, म्हणजे पावणेसहा वर्षांत, दिवे बदलण्याच्या बेतात येतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तीच चर्चेत राहून जाते. वीज स्वस्त झाली तर ती फक्त तुम्हालाच स्वस्त होत नाही. त्याच विजेवर दुसरा काय बनवू शकतो हा खरा प्रश्न आहे. घोडं तिथे पेंड खातं. खाली प्रथिनांच्या आणि इंधनाच्या प्रश्नात ते दिसेल.

दुपारी सौरऊर्जा वाया जाते. ती वापरून शेवाळ का पिकवू नये?

कारण ती वीज वर्षाला हजार-दीड हजार तासच मिळते. वरचाच एक किलोवॅटचा दिवा १,५०० तास चालवला तर ९५ ऐवजी १६ किलो निघतात. टाकी तीच, दिवा तोच, व्याज तेच, माल सहावा हिस्सा. अनियमित स्वस्त वीज वापरायला असं यंत्र लागतं जे स्वतः स्वस्त आहे आणि बंद पडून राहिलं तरी कुरकुर करत नाही. पाणी तापवायची टाकी तशी आहे. शेवाळाचा रिॲक्टर नेमका उलट: महाग आणि जिवंत. अंधारात पेशी दिवसा साठवलेलंच खात बसतात, ढवळणं तेव्हाही थांबवता येत नाही, आणि ढग आले म्हणून चार दिवस दिवा लावला नाही तर कल्चर बसतं. मग नव्याने बीज घालून आठवडाभर वाट बघा.

छतावर सोलर पॅनेल आणि आत दिव्यांखाली शेवाळ, यात जागा तरी वाचते ना?

हा प्रश्न मला आवडतो, कारण उत्तर एका ओळीच्या गुणाकारात मिळतं. पॅनेल सूर्यप्रकाशाच्या २० टक्के वीज करतं. त्या विजेतली साधारण ६.५ टक्के ऊर्जा शेवाळात उतरते. गुणाकार १.३ टक्के. साधं उघडं तळं रोज चौरस मीटरला १५ ग्रॅम देतं तेव्हा ते सूर्यप्रकाशाच्या १.६ टक्के पकडत असतं. म्हणजे पॅनेल, तारा, दिवे, टाक्या एवढा सगळा डोलारा उभारून आपण तळ्याच्याही मागे राहिलो. कारखाना उंच बांधला तर कारखान्याची जागा वाचते, पॅनेलची नाही.

मग सूर्य सोडून दिव्यांकडे कुणी जावंच का?

सूर्याची किंमत आधी कळू दे. भरपूर उन्हाच्या जागी दिवसाला चौरस मीटरवर ४० मोल फोटॉन सहज पडतात. तेवढेच एलईडीने पाडायचे तर रोज पावणेचार युनिट. एका हेक्टरला रोज ३७,००० युनिट. एवढं बिल सूर्य माफ करतो.

तरी दिव्यांची बाजू आहे. भर दुपारचं ऊन शेवाळाला झेपत नाही, चौरस मीटरवर सेकंदाला २,००० मायक्रोमोल पडतात आणि त्यातला मोठा भाग पेशी उष्णता करून फेकून देतात. दिव्यांनी हवा तेवढाच, हव्या त्या रंगाचा प्रकाश देता येतो. रात्र नाही, पावसाळा नाही, हिवाळा नाही. बंद टाकीत शेवाळ खाणारे सूक्ष्मजीव शिरायची भीती कमी. उघडं तळं एका रात्रीत साफ होऊ शकतं: काल गर्द हिरवं, आज तपकिरी पाणी. पण हे सगळे फायदे खात्रीचे आहेत, स्वस्ताईचे नाहीत. ज्याला खात्रीसाठी पैसे मोजणारं गिऱ्हाईक आहे त्याने दिवे लावावेत.

शेवाळापासून डिझेल?

दिव्यांखाली? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शेवाळात ३० टक्के तेल धरलं तर एक लिटर तेलाला तीन किलो शेवाळ, म्हणजे २७० ते २८० युनिट. लिटरभर डिझेलमध्ये ऊर्जा असते १० युनिटांची. त्याच २८० युनिटांत विजेवरची मोटार १,८०० किलोमीटरच्या आसपास धावेल. डिझेलची मोटार त्या लिटरात वीसेक किलोमीटर जाईल.

फुकटच्या उन्हातही हे गणित बसलेलं नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ असा अक्वाटिक स्पीशीज प्रोग्रॅम चालवला, तळ्यांत शेवाळ वाढवून तेल काढायचा. तेल निघालं, पण खनिज तेलाच्या भावाजवळ कधी गेलं नाही. पुढे एक्झॉन मोबिलने २००९ मध्ये या क्षेत्रात उतरून २०२३ मध्ये अंग काढून घेतलं. जिथे सूर्य कमी पडला तिथे विजेचा दिवा काय पुरणार?

निदान कार्बन डायऑक्साइड तरी शोषला जाईल?

एक किलो शेवाळ १.८ किलो कार्बन डायऑक्साइड बांधतं. कोळशाच्या विजेचं एक युनिट सुमारे एक किलो हवेत सोडतं. नव्वद सोडून पावणेदोन धरायचे! स्वच्छ वीज असेल तर ती आधी कोळशाची जागा घ्यायला वापरा, एका युनिटातच अर्ध्या किलो शेवाळाचं काम होतं.

अन्न आणि प्रथिनं? तिथे तर किंमत जास्त मिळते.

मिळते, आणि स्पर्धकही तिथेच भेटतात. दोघांची नावं घेतो.

पहिला साखर. क्लोरेलासारखी बरीच शेवाळं अंधारात साखर खाऊन वाढतात, अगदी यीस्टसारखी, स्टीलच्या बंद टाकीत. दोन ते अडीच किलो साखरेला एक किलो सुकं शेवाळ पडतं. साखर म्हणजे शेतात आधीच पकडून, सुकवून, पोत्यात भरलेला सूर्यप्रकाश. तुमच्याकडचा अडीच किलो साखरेचा घाऊक भाव आणि ९० युनिटांचा भाव शेजारी शेजारी लिहा, बहुतेक जागी निर्णय तिथेच होतो. शिवाय अंधारातली टाकी लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास दाट करता येते, कारण प्रकाश आत पोचवायची कटकटच नाही. बाळांच्या दुधाच्या भुकटीत घातलं जाणारं डीएचए हे ओमेगा-३ तेल मार्टेक या कंपनीने असंच दिव्याविना काढलं. हा रस्ताही बिनधोक नाही. साखरेवर शेवाळ वाढवून आधी इंधन, मग खाद्यतेल विकू पाहणारी सोलाझाइम नाव बदलून २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली.

दुसरा स्पर्धक जास्त बोचणारा आहे, कारण तो वीजच वापरतो. पाण्याचं विद्युत विघटन करून हायड्रोजन काढायचा आणि तो हायड्रोजन खाणाऱ्या जिवाणूंना द्यायचा. कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया सोबत. एक किलो हायड्रोजनला पन्नासच्या थोडी वर युनिटं लागतात, आणि एक किलो सुक्या जिवाणूंना साधारण ४४० ग्रॅम हायड्रोजन. म्हणजे किलोला २३ युनिट, प्रथिनं शेवाळाइतकी किंवा जास्त. शेवाळ दोन्हीकडच्या कमाली गाठून ३४ वर येणार होतं, आठवतंय? फिनलंडची सोलर फूड्स ही कंपनी याच पद्धतीने प्रथिनांची पूड बनवते, २०२४ मध्ये त्यांचा पहिला कारखाना सुरू झाला. वीज आणखी स्वस्त झाली तर दोघांनाही ती स्वस्तच मिळणार, आणि चौपट अंतर तसंच राहणार.

मग दिव्यांखाली शेवाळ पिकवून कुणाचं भलं चाललंय का?

चाललंय. मात्र ते किलोवर विकत नाहीत.

आइसलंडमध्ये अल्गालिफ ही कंपनी एलईडीखाली हिमॅटोकॉकस वाढवते, त्यातलं ॲस्टॅझॅन्थिन हे लाल रंगद्रव्य पूरक आहारात जातं. सुक्या मालात ते ३ ते ५ टक्के भरतं, म्हणजे एका किलोला वीस-तीस किलो शेवाळ, नुसत्या दिव्यांची दोन-तीन हजार युनिटं. तरी परवडतं, कारण त्या एका किलोची किंमत एवढ्या युनिटांच्या बिलापेक्षा कितीतरी वर असते. त्याच देशात हेत्लिशेइदी भूऔष्णिक केंद्राला लागून व्हॅक्सा ही कंपनी शेवाळ पिकवते: वीज, थंड पाणी, गरम पाणी आणि कार्बन डायऑक्साइड चारही गोष्टी शेजारच्या नळातून. वर गारव्याची जी २८ युनिटं मोजली ती इथे वाचतात.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे मासे, कोळंबी आणि कालवांची बीज केंद्रं. कालवाच्या अळीला जिवंत शेवाळच लागतं, पूड चालत नाही, आणि ठरलेल्या दिवशी लागतं. शेवाळ वेळेवर मिळालं नाही तर लाखो अळ्या मरू शकतात. तिथला माणूस किलोचा भाव विचारत नाही, उद्या सकाळी मिळेल का एवढंच विचारतो. अशा केंद्रांत पॉलिथिनच्या उंच पिशव्यांतून हिरवं-सोनेरी पाणी बुडबुडत असतं आणि मागे दिवे रात्रभर चालू असतात. खर्च जबर, पण बीज वाचतं.

फायकोसायनिन हा निळा रंग आणि प्रयोगशाळांसाठीची कार्बन-१३ ची (कार्बनच्या जड रूपाची) शेवाळं, हेही याच जातीचे व्यवहार.

अवकाशात तरी शेवाळाला पर्याय नाही ना?

सायबेरियात क्रास्नोयार्स्कला १९७२ मध्ये बायोस-३ नावाची बंदिस्त वस्ती पूर्ण झाली. झेनॉनच्या दिव्यांखालची क्लोरेला आत राहणाऱ्यांची हवा शुद्ध करायची, माणशी सुमारे ८ चौरस मीटर. प्रयोग कौतुकाचाच. पण एका माणसाला दिवसाला ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो. तो शेवाळाकडून घ्यायचा तर आजच्या एलईडीवरही पन्नासेक युनिट रोज. पाण्याच्या विद्युत विघटनातून पाच-सहा युनिटांत मिळतो, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात तो तसाच मिळवतात. शेवाळ सोबत कार्बन डायऑक्साइडही घेतं आणि खायला काहीतरी देतं, हे मान्य. परतीची सोय नसलेल्या लांबच्या प्रवासात त्याला अर्थ येईल.

वाया जाणारी उष्णता विकता येईल?

कोमट पाणी, तीस-पस्तीस अंशांचं. शेजारी हरितगृह किंवा माशांच्या टाक्या असतील तर कुणी घेईल. त्यावर प्रकल्प उभा करू नका.

एखादा प्रकल्प अहवाल हातात आला तर काय बघावं?

मी आधी मोलमागे किती ग्रॅम धरलेत ते शोधतो. हा आकडा दिलेलाच नसेल तर एकूण उत्पादनाला एकूण युनिटांनी भागतो. युनिटामागे १५ ग्रॅमच्या वर निघालं तर लिहिणाऱ्याला विचारतो की दिवा कुठला आणि कल्चर कुठलं. मग वर्षाचे तास. स्वस्त विजेचा दर आणि ८,७६० तास एकाच पानावर असतील तर तो दर चोवीस तास मिळतो का हे वीज कराराच्या कागदावरच बघायचं. विक्रीचा भाव छोट्या बाटलीतल्या गोळ्यांचा धरून माल टनांत दाखवलाय का, तेही.

आणि वजन ओलं की सुकं. एका अहवालात उत्पादन पाचपट का दिसतंय हे मला दोन दिवस कळेना. तिसऱ्या दिवशी तळटीप सापडली: सेंट्रिफ्यूजमधून निघालेला लगदा तसाच तोलला होता.